कुराता-सानांच्या नोंदी

दुभाष्याचं काम चांगलं झालं तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. बैठक संपली की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार करतात आणि मधली बाई टेबलाखाली आपली पर्स शोधत असते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "काकू, तुमच्या जॉबमधल्या गमतीजमती लिहा ना" असा निरोप आला, तेव्हा वाटलं, माझ्याकडे काय असणार? लिहायला बसले तर गमती पुष्कळ निघाल्या, पण सगळ्या फिरून एकाच गोष्टीपाशी येऊन थांबायला लागल्या. ती गोष्ट गमतीची नाही. ती गाळून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून तीच सांगते.

तोक्योच्या पूर्वेला, ओजिमाच्या बाजूला, सरकारी घरांच्या उंच वसाहती आहेत. तिथे जपानी म्हातारे आणि पुण्यामुंबईचे आयटीवाले अशी दोनच प्रकारची माणसं राहतात, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. अशाच एका वसाहतीत (नाव सांगणार नाही) तळमजल्यावर एक सल्लाकक्ष होता. भारतीय भाडेकरूंना जपानी कागद समजावून द्यायचे आणि जपानी शेजाऱ्यांच्या तक्रारी भारतीयांच्या कानावर घालायच्या, एवढ्यासाठी तो उघडला होता. नवऱ्याच्या नोकरीमागून त्याच वसाहतीत राहायला आलेली आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून जपानी शिकलेली मी तिथे लागले, ती सतरा वर्षं राहिले. हा कक्ष नेमका कोणत्या खात्याचा, हे पहिल्या वर्षी मला पक्कं ठाऊक होतं. पुढे पाटी दोनदा बदलली, वरचे साहेब बदलले, अर्जांवरचे शिक्के बदलले, आणि मी विचारायचं सोडून दिलं.

लोकांना वाटतं, दुभाषी म्हणजे शब्दाला शब्द देणारी बाई. तसं नसतं. जपानी शेजारी "हल्ली तुमच्या घरातून फार उत्साहाचे आवाज येतात" म्हणाला, तर त्याचा अर्थ पोरांना आवरा असा असतो. आणि कोथरूडची बाई "बघते हं" म्हणाली, तर ती काहीही बघणार नाही असा असतो. हे दोन्ही अर्थ कुणाचा अपमान न होता पलीकडे पोचवायचे. शिवाय एक नियम कडक: बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. एखादे आजोबा "मी फार चिडलो आहे" म्हणाले की मी गोड चेहऱ्यानं मराठीत सांगायचे, "मी फार चिडलो आहे." आपला स्वतःचा 'मी' घरी ठेवून यायचा. सुरुवातीला हसू फुटायचं, मग अंगवळणी पडलं.

प्रश्न तरी काय यायचे! नारळाची करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, यावर आमच्या कक्षात आठवडाभर खल झाला होता आणि वरून लेखी उत्तर मागवावं लागलं होतं. कुकरची भानगड त्याहून मोठी. बाराव्या मजल्यावरच्या नाशिकच्या बाईंच्या कुकरची शिट्टी ऐकून खालच्या आजोबांनी तीनदा अग्निशमन दलाला बोलावलं. शेवटी मी एक कागद करून दिला : 'हा आवाज भाताचा आहे. तीन शिट्ट्या झाल्या की थांबतो.' आजोबांनी तो स्वयंपाकघरात चिकटवला. दोन-तीन महिन्यांनी तेच आजोबा सकाळी सकाळी खिडकीशी हजर. म्हणाले, काल दोनच शिट्ट्या झाल्या, वरच्या बाई बऱ्या आहेत ना? तेव्हा मला गहिवरून आलं होतं. आजही येतं, पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी येतं, त्याला मला नाव देता येत नाही.

आता नोंदींचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कक्षात कुणीही येऊन गेलं की एक छापील पान जपानीत भरायचं. तारीख, घर क्रमांक, काम काय, उत्तर काय दिलं, आणि शेवटी एक मोठा रकाना : 'आणखी काही'. आमचे साहेब निशिओ-सान ('सान' म्हणजे आपलं राव किंवा बाई) पहिल्याच दिवशी म्हणाले होते, शेवटचा रकाना रिकामा सोडला तरी चालेल. पण उत्तरपत्रिकेतली एक ओळ कोरी राहिली तर बाईंनी कान पिरगाळावा, अशा शाळेत मी वाढलेले. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी भरायची. 'सून आणि सासू एकमेकींशी बोलत नाहीत.' 'बाळंतपण जवळ आलंय, नवरा कामावरून उशिरा येतो.' 'मुलगा शाळेत डबा खात नाही.' आणि ज्याची काळजी वाटेल त्याच्या पानावर शेवटी 'लक्ष असावं' हे दोन शब्द. निशिओ-सान एकदा म्हणाले, साठे-सानांच्या, म्हणजे माझ्या, नोंदी वाचल्या की माणूस समोर उभा राहतो. ते वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं.

या देशात 'मिमामोरी' म्हणून एक शब्द फार प्रेमाने वापरतात. नजर ठेवून सांभाळणं, असा त्याचा अर्थ. शाळेत जाणाऱ्या मुलांची मिमामोरी, एकट्या म्हाताऱ्यांची मिमामोरी. रोज संध्याकाळी पाच वाजता वसाहतीतल्या खांबावरच्या भोंग्यातून एक संथ धून वाजते आणि एका बाईचा आवाज सांगतो, मुलांनो, घरी जा. मोठ्यांनो, मुलांवर लक्ष असू द्या. सतरा वर्षं तोच आवाज. मी एकदा सहज विचारलं की या बाई कोण? कुणालाच माहीत नव्हतं. त्या हयात आहेत का, हेही कुणी सांगू शकलं नाही.

मग कॅमेरे आले. आधी कचऱ्याच्या जागेवर, मग लिफ्टमध्ये, मग प्रत्येक जिन्यात. खाली एक डोळ्याचं हसरं चित्र. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या एका सासूबाई रोज सकाळी लिफ्टमधल्या कॅमेऱ्याला हात जोडायच्या. त्यांनी मला विचारलं, "अगं, पलीकडे बसलेला मुलगा सकाळपासून बसतो, त्याला जेवायला कोण देतं?" मला मजा वाटली आणि मी निशिओ-सानांना विचारलं. ते म्हणाले, पलीकडे कुणीच नसतं. एक बंद खोली आहे, तिथे सगळं साठत राहतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जिना धरला; तिथे तेव्हा अजून कॅमेरा नव्हता. म्हणाल्या, माणूस असता तर चाललं असतं.

मला स्वतःलाही काही बारीक गोष्टी खटकायला हव्या होत्या. माझ्या मुलीला सेंदाईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर सेंदाईतल्या भाड्याच्या खोल्यांचं माहितीपत्रक होतं. निशिओ-सान हसून म्हणाले, उपयोगी पडेल. मी कक्षात कुणाला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मीच बोलून गेले असेन, असं मी धरून चालले. पुढे नवऱ्याची बदली ओसाकाला झाली आणि टेबलावर ओसाकाच्या गाड्यांचं वेळापत्रक आलं, तेव्हाही मी असंच धरून चालले.

कुराता-सान माझ्या खिडकीशी आल्या त्या एका रिकाम्या डब्यासाठी. दहाव्या मजल्यावर एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे, ताठ चालायच्या. शेजारच्या औंधच्या मुलीनं त्यांना चिवडा दिला होता आणि डबा परत करताना त्यात काय घालावं, हे त्यांना कळत नव्हतं. जपानी माणूस दिलेल्याची परतफेड केल्याशिवाय झोपत नाही. मी म्हटलं, आमच्यातही रिकामा डबा परत देत नाहीत, साखर घाला चिमूटभर. त्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून आमचं सूत जुळलं. आठवड्यातून एकदा मी कामावरून सुटले की त्यांच्याकडे चहाला जायची.

त्यांच्या दाराच्या आत, चपला काढतात त्या जागी, एक पुरुषी काळ्या बुटांचा जोड कायम असायचा. पॉलिश केलेला, टोकं दाराकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, पाहुणे आलेत. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, नवऱ्याचे आहेत, ते जाऊन अकरा वर्षं झाली. पण म्हाताऱ्या बायकांना गोड बोलून फसवणारे दारात येतात ना, ते हे बूट बघून आल्या पावली परत जातात. "हयात असताना त्यांनी कधी दार उघडलं नाही," त्या म्हणाल्या, "आता बसून राखण करतात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं पान काढलं. डब्याच्या निमित्ताने ते उघडलेलं होतंच. लिहिलं : 'दारात दिवंगत पतीचे बूट मांडून ठेवतात. रोज पुसतात. एकट्या. लक्ष असावं.' उद्या घरात पडल्याझडल्या तर कुणीतरी डोकावेल, एवढाच हेतू होता. फसवणाऱ्यांचा विनोद मी लिहिला नाही, कारण सरकारी रकान्यात विनोद लिहीत नाहीत.

दीड-दोन वर्षांनी मिमामोरीचा मोठा आराखडा आला. प्रत्येक दारावर एक छोटं यंत्र बसणार, दार किती वेळा उघडलं हे मोजणार; जिन्यातले कॅमेरे चेहरे ओळखणार; परदेशी भाडेकरूंकडे मुक्कामाला कोण येतं याची यादी होणार. म्हाताऱ्यांची काळजी आणि सर्वांची सुरक्षितता, असं त्यावर मऊ रंगात छापलेलं होतं. घरोघर संमती मागण्याऐवजी रहिवासी संघाच्या अध्यक्षांनी सगळ्यांच्या वतीने एक सही केली की झालं. रहिवासी संघाचं अध्यक्षपद म्हणजे जपानात नकोसं लोढणं. चिठ्ठ्या टाकून कुणाच्या तरी गळ्यात मारतात. आमच्याकडे इशिदा-सान नावाचे निवृत्त मुख्याध्यापक सहा वर्षं अध्यक्ष होते, कारण दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. सज्जन माणूस. कुणाच्या घरी मूल झालं की सूप पाठवायचे.

त्या वर्षी पहिल्यांदाच समोर उमेदवार उभा राहिला. कुराता-सानांनी हाताने लिहिलेलं पत्रक घरोघरच्या टपालपेट्यांत टाकलं : 'दार माझं आहे. ते किती वेळा उघडलं हे कुणी मोजू नये. मी अध्यक्ष झाले तर सही करणार नाही.' त्याचं मराठी आणि हिंदी करून द्याल का, असं त्यांनी मला विचारलं. मी निशिओ-सानांची परवानगी मागितली. ते म्हणाले, अवश्य, तुमचं कामच आहे ते. आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

या वयात हा उपद्व्याप कशाला, असं मी त्यांना चहा पिताना विचारलं होतं. तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. युद्धाच्या काळात दहा-दहा घरांचे गट असायचे, एकमेकांना मदत करायला. वडील गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात अंग घासता घासता म्हणाले, हे युद्ध आपण हरणार. दोन दिवसांनी पोलीस त्यांना घेऊन गेले. काही महिन्यांनी परत आले, पण त्यानंतर ते जेवतानासुद्धा बोलले नाहीत. कुराता-सान तेव्हा अगदी लहान होत्या. त्यांच्या आठवणीतल्या वडिलांना आवाजच नव्हता.

आमच्या भारतीय मंडळींना पत्रक वाचून दाखवलं तर सगळे अवघडले. एक जण म्हणाला, "काकू, पॉइंट बरोबर आहे त्यांचा, पण आपण फॉरेनर्स. व्हिसा रिन्यू व्हायचाय. ह्यात नाव कशाला?" माझ्या हाताखाली नुकतीच लागलेली सायली, पिंपरीची, माझ्याच मजल्यावर राहणारी, नवरा आयटीत, हुशार आणि मायाळू मुलगी, ती तर चकितच झाली. "कॅमेरे असले तर सेफच वाटतं ना, काकू? लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?" मी तिला नोंदी कशा भरायच्या ते दाखवत होते. लहानसहान गोष्टही सोडू नकोस, शेवटचा रकाना कधी कोरा ठेवू नकोस, हे मीच सांगितलं.

निवडणुकीला महिना असताना कचऱ्याच्या जागी एक बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, कुराता-सानांचं ऐकून वाईट वाटतं. त्यांना नवरा जिवंत वाटतो म्हणे. रोज त्याचे बूट पुसून दारात ठेवतात. या बाई कुराता-सानांच्या घरी कधी गेलेल्या नव्हत्या. आठवडाभरात हे सगळीकडे झालं. कुणी टिंगल केली नाही, कुणी वाकडं बोललं नाही. जो तो हळहळत होता. लिफ्टमध्ये कुराता-सान आल्या की लोक लहान मुलाशी बोलावं तसं त्यांच्याशी सावकाश बोलायला लागले. दुसऱ्या कुणी बूट पाहिले असतील, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मग त्यांनी अर्ज केला. आपल्याबद्दल सरकारदरबारी काय लिहिलंय ते मागण्याचा हक्क इथे प्रत्येकाला आहे. लिफाफा आला त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आतली पानं जवळजवळ सगळी काळी होती. एकेक ओळ जाड रेघेने झाकलेली. अशा कागदाला इथे गमतीने 'नोरिबेन' म्हणतात, भातावर खायचं काळं समुद्रशेवाळ पसरलेला डबा. त्यांच्यावर इतकी पानं असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डब्याचं निमित्त, औंधच्या मुलीचं येणं-जाणं, पत्रक, सगळं कुठेतरी खाली असणार. एका पानावर मात्र शेवटचा रकाना उघडा होता. झाकणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटला असावा. 'दारात दिवंगत पतीचे बूट मांडून ठेवतात. रोज पुसतात. एकट्या. लक्ष असावं.' खाली नाव नव्हतं. नंतर कुणीतरी टाइप केलेलं होतं, त्यामुळे ओळखू येईल असं अक्षरही नव्हतं.

कुराता-सान चहा ओतत होत्या. मी म्हटलं, "कुराता-सान, हे मी लिहिलंय."

"हो," त्या म्हणाल्या. "बूट ओलांडून आत आलेल्या तुम्ही एकट्याच."

हे त्यांना कुजबुज सुरू झाल्यापासून माहीत होतं. तरी दर आठवड्याला त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. मी विचारलं, का? त्यांनी आधी माझ्यापुढे कप ठेवला, त्याचा कान माझ्याकडे वळवला.

"मी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होते. कानावर सगळ्यांचं पडायचं. भांडणं, प्रेम, उधारी. संध्याकाळी घरी जाताना ते तिथेच टाकून जायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही, एवढंच." मग किटलीवर झाकण ठेवत म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, साठे-सान. माझ्या वडिलांचं वर जाऊन सांगणाराही चांगल्या मनाचा होता. त्यांना वेळीच आवरलं तर ते वाचतील, असं त्याला वाटलं. आई दर नव्या वर्षाला त्याच्याकडे तांदळाच्या वड्या, मोची, पाठवायची."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. लाज अशी वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना, आणि त्या मात्र मला चहा गार होतोय म्हणून सांगत होत्या. त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नाही. नवऱ्याला ओसाकाला फोन केला, तर तो म्हणाला, तू गप्प बस, काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. मुलगी सेंदाईहून जपानीतच म्हणाली, "शोओगानाइ, आई." म्हणजे, इलाज नाही.

सभा शनिवारी दुपारी वसाहतीच्या सभागृहात झाली. भारतीय मंडळी मागच्या रांगेत, आणि त्यांच्यासाठी मी कडेला उभी, हातात माइक. कुराता-सान दोन मिनिटं बोलल्या. मग इशिदा-सान उठले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. ते म्हणाले, मी कुराता-सानांना फार मानतो. आपलं माणूस गेलंय हेही ज्यांना उमगत नाही, अशांना एकटं पडू द्यायचं नाही म्हणूनच हा आराखडा आहे.

मी मराठीत सुरुवात केली. "मी कुराता-सानांना फार मानतो…" आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. ते माझं वाक्य होतं. माझ्याच हातून निघून, सतरा हातांतून फिरून, पुन्हा माझ्याच तोंडात आलं होतं. मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. मी माइक खाली केला आणि जपानीत बोलले. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी 'मी' म्हणाले आणि त्याचा अर्थ मी असा होता. म्हटलं, बुटांची गोष्ट माझ्या नोंदीतून बाहेर पडली आहे. कुराता-सानांना नवरा गेल्याचं पक्कं माहीत आहे. बूट फसवणाऱ्यांना पळवण्यासाठी आहेत, हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं आणि मी ते अर्धंच लिहिलं. माझी चूक आहे. आणि या वसाहतीतल्या पुष्कळ घरांबद्दल मी असं लिहिलेलं आहे.

वाटलं होतं, गलका होईल. कुणीतरी रागावेल, कुणी निशिओ-सानांना जाब विचारेल. काही झालं नाही. संघाच्या चिटणीसांचं पेन थोडा वेळ चाललं आणि थांबलं. इशिदा-सानांनी मला वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना म्हणाले, साठे-सानही हल्ली फार दमलेल्या दिसतात. पहिल्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर तीच हळहळ. त्या नजरेने मला जेवढं घाबरवलं तेवढं आयुष्यात कुणी रागावूनही घाबरवलं नाही.

हात वर करायला सांगितलं तेव्हा सभागृहात कुराता-सानांच्या बाजूचे हात जास्त होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग चिटणीसांनी गठ्ठा काढला. जे येऊ शकत नाहीत ते आपलं मत अध्यक्षांच्या हवाली करतात, त्या चिठ्ठ्या. त्यात सगळ्या भारतीय घरांच्या होत्या, मागच्या रांगेत हजर असलेल्यांच्यासुद्धा. महिन्याच्या सुरुवातीला दरवर्षीसारखी मी आणि सायली दारोदार फिरलो होतो. "ही संघाची चिठ्ठी, इथे सही करा, बास," असं मीच म्हणत होते. आपल्या लोकांची सवय, काकूंनी बोट ठेवलं की सही. आणि मीही त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय हे कधी पूर्ण वाचून दाखवलं नव्हतं. एकदा दिलेली चिठ्ठी आता परत घेता येणार नाही, असं चिटणीस नम्रपणे म्हणाले. कुराता-सान हरल्या.

त्यांनी चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आज तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बरा आहे."

आराखड्यावर सही झाली. दारांवर यंत्रं लागायच्या आधीच कुराता-सान भाचीकडे राहायला गेल्या. त्यांचं घर बरेच महिने रिकामं होतं, तरी दारावर यंत्र बसवलं. सायलीने मला सांगितलं की त्याचीही नोंद रोज होते, शून्य वेळा उघडलं अशी. मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट संपलं. सगळ्यांनी मिळून पुष्पगुच्छ दिला, निशिओ-सान दारापर्यंत सोडायला आले. माझ्या खुर्चीवर सायली बसली. चांगलं काम करते असं ऐकते.

गेल्या वर्षी मीही अर्ज केला. माझा लिफाफा कुराता-सानांच्या लिफाफ्यापेक्षा जाड होता. सगळ्यात जुनं पान मी कामाला लागले त्या वर्षाचं होतं. काळ्या रेघांवरून बोट फिरवत मी एक संपूर्ण सकाळ बसले. एका पानावर शेवटचा रकाना उघडा होता. 'नवरा ओसाकाला, मुलगी सेंदाईला. रविवारी बाल्कनीत उभ्या राहून पुण्याला आईशी बोलतात. परवा, आई आता मला ओळखत नाही, असं फोनवर कुणाला तरी सांगताना रडल्या. जुन्या चुका पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात. एकट्या. लक्ष असावं.'

बाल्कनीत मी मराठीत बोलते. ते समजून जपानीत लिहिणारं या वसाहतीत एकच माणूस आहे, आणि ते लिहायला मीच शिकवलंय. आधी मला राग आला. मग भीती वाटली. आणि खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून सांगते, त्याच्यानंतर क्षणभर बरं वाटलं, की कुणाचं तरी माझ्याकडे लक्ष आहे. त्या बरं वाटण्याची मला अजून धास्ती आहे. कुराता-सानांसारखा कप पुढे ठेवून 'मला माहीत आहे' म्हणायचं धैर्य माझ्यात नाही. असतं, तर ऐकलेलं तिथेच टाकून घरी जायचं, हे त्यांनी सांगितलेलं मी तिला शिकवलं असतं.

सायली दर गुरुवारी काम संपल्यावर येते. कधी पोहे आणते, कधी कढीपत्ता. माया खोटी नाही, हे मी शपथेवर सांगेन. दारातून आत येता येता विचारते, "काकू, बऱ्या आहात ना?" मी म्हणते, बरी आहे, भूक लागते, झोप लागते, आजचा वार गुरुवार. तिला लिहून घेता येईल इतक्या सावकाश म्हणते.